आठ किलो गेले, पण कशाचे?

२०१८ साल आठवा. गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत, दादरच्या भाजीबाजारात, लालबागच्या गणपती मंडळाच्या मांडवात लोक एकमेकांना विचारत होते, तुम्ही दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये तोंड चालवू नका. मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी थोडं थोडं, आपल्या मातीतलं खा. त्याच वर्षी राज्य सरकारने स्थूलतेविरोधी मोहिमेचे ब्रँड अँबॅसॅडर म्हणून डॉ. दीक्षितांची नेमणूक केली आणि वाद डॉक्टरमंडळींतही पेटला.

तो वाद आता विझला आहे. दोन वेळा जेवणारे मात्र टिकून आहेत, आणि मोबाइलवर सोळा तासांच्या उपाशीपणाचं घड्याळ लावणारी पोरं त्यांना येऊन मिळाली आहेत. ती याला इंटरमिटंट फास्टिंग म्हणतात. तेव्हा जो प्रश्न बाजूला पडला तो आजही फारसा कुणी विचारत नाही : उतरलेल्या वजनात चरबी किती होती आणि स्नायू किती? मराठी माणसाने सगळ्यांत आधी हेच विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पुढचा संवाद त्यासाठी मांडला आहे. मामा लालबागचा, टपाल खात्यातून निवृत्त, साठी ओलांडलेला, मधुमेही आणि दोन जेवणांचा निष्ठावंत. भाची गिरगावात राहते, परळच्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे.

मामा : आधी माझं ऐक, मग तुझं बोल. वर्षभरात आठ किलो उतरलो. तीन महिन्यांची साखर साडेसातवर होती, ती साडेसहाच्या खाली आली. खर्च शून्य. पावडरी नाहीत, डबे नाहीत, कुठल्या क्लिनिकची पायरी चढलो नाही. यात तुला खटकतं काय?

भाची : साखर उतरली याचा आनंदच आहे, मामा. मला एवढंच विचारायचंय, ते आठ किलो कशाचे होते?

मामा : चरबीचे. दुसरे कशाचे असणार?

भाची : मोजलं होतंस?

मामा : काट्यावर उभा राहिलो की!

भाची : काटा सगळ्याची बेरीज सांगतो. हाडं, पाणी, स्नायू, चरबी, सगळं त्यात आलं. सुरुवातीला भराभर उतरला असशील.

मामा : पहिल्या पंधरवड्यातच दोन किलो.

भाची : त्यातलं पुष्कळसं पाणी. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. त्याच्या एकेका ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी धरून असतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा उपसला जातो आणि पाणीही निघून जातं. राहिले सहा किलो. ते चरबीतून किती गेले आणि स्नायूंतून किती, हे तुला माहीत नाही आणि मलाही नाही.

मामा : पोट उतरलंय ना! पँटचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. तो खोटं बोलेल?

भाची : नाही बोलणार. पट्टा काट्यापेक्षा खरा साक्षीदार आहे. पण दंडाचं माप घेतलंस का? मांडीचं? तुझा शर्ट खांद्यावर सैल झालाय ते मला दारातूनच दिसलं.

मामा : अगं, माझे वडील गिरणीत होते. पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलायची, पण जेवायचे दोनदाच. सकाळचा चहा-पाव धरलास तर अडीच वेळा. सहा वेळा खाणं या गिरणगावात कुणाला परवडत होतं? दोन वेळचं पोटभर मिळालं की माणूस समाधानाने झोपायचा. डॉ. दीक्षितांनी नवीन काही आणलं नाही. ते स्वतः सांगतात, मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. जिचकार २००४ साली अपघातात गेले. लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या दीक्षितांनी तो विचार पुढे नेला, गावोगाव फुकट व्याख्यानं दिली. साधा नियम दिला म्हणून लाखो लोकांनी ऐकलं. तुम्ही लोक कॅलरीचं कोष्टक हातात देता. माझ्यासारख्याने ते किती दिवस सांभाळायचं?

भाची : हे तुझं बरोबर आहे. आमच्या ओपीडीत दिलेली निम्मी कोष्टकं फ्रिजवर चिकटून राहतात. साधा नियम पाळला जातो आणि पाळला जातो तोच उपयोगी पडतो. पण आजोबा आठ तास साच्यावर उभे असायचे, घरी चालत यायचे, आणि तू तर म्हणतोस त्या काळी संध्याकाळी तालमीत पाय ठेवायला जागा नसायची. त्या दोन जेवणांच्या मध्ये अंगाला काम होतं.

मामा : मीपण चालतो. ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर, सरांनी सांगितल्याप्रमाणे. भारतमाता सिनेमापासून निघतो तो घाम आल्याशिवाय परतत नाही.

भाची : चालणं सोडू नकोस. हृदयाला, साखरेला ते हवंच. पण स्नायू टिकवायला तेवढं पुरत नाही, आणि आपल्या लोकांकडे स्नायू मुळात बेताचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऐकून आहेस?

मामा : केईएम तर आपलं, परळचं.

भाची : पुण्यालाही आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक छोटा लेख आला, सोबत दोघांचा फोटो. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. म्हणजे उंचीच्या मानाने वजन सारखं. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्याला दोघं सारखेच! दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, अशी आपल्याकडच्या शरीराची ठेवण. याज्ञिकांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच. आपण जन्मालाच अशी वाटणी घेऊन येतो. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय २३ झाला की वजन जास्त धरतात, २५ला स्थूलता. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८०च्या आत.

मामा : म्हणजे चरबी उतरवणं आपल्याला जास्तच गरजेचं. तू माझीच बाजू मांडतेस.

भाची : चरबी उतरवण्याबद्दल आपलं भांडणच नाही. स्नायू जाऊ नयेत एवढंच म्हणतेय. जेवल्यावर रक्तात जी साखर येते, तिचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. मधुमेह्याने स्नायू गमावले तर साखर ठेवायची कुठे?

मामा : थांब. हे खापर उपाशी राहण्यावर का फोडतेस? तुझ्या कोष्टकाने वजन उतरवलं तरी स्नायू जाणारच ना थोडे?

(या प्रश्नावर भाची क्षणभर थांबते, आणि थांबायलाच हवं. वजन कुठल्याही वाटेने उतरवा, थोडे स्नायू जातात. उपवासाला दोष देणारे पुष्कळ लोक हे सांगत नाहीत.)

भाची : जाणारच. साधारण पाव हिस्सा स्नायू आणि बाकीची चरबी असं गेलं तर आम्ही ठीक समजतो. आता एक अभ्यास सांगते. २०२० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने ११६ जणांना १२ आठवडे घेतलं. अर्ध्यांना सांगितलं, दुपारी १२ ते रात्री ८ या वेळातच खा, काय हवं ते आणि हवं तेवढं. बाकीच्यांनी दिवसात तीनदा जेवायचं. पहिल्या गटाचं वजन सरासरी ०.९४ किलो उतरलं, दुसऱ्याचं ०.६८. फरक म्हणावा असा नाहीच. पण त्यांतल्या ५० जणांची शरीररचना यंत्रावर मोजली होती. आठ तासांत खाणाऱ्यांचं जे वजन गेलं, त्यात जवळजवळ ६५ टक्के चरबीविरहित भाग होता. म्हणजे मुख्यतः स्नायू. पाव हिस्सा जायला हवा होता, तिथे निम्म्याहून जास्त.

मामा : पन्नास माणसं, बारा आठवडे आणि अमेरिकेतली. ‘हवं ते खा’ सांगितल्यावर त्यांनी काय खाल्लं असेल देव जाणे. व्यायाम सांगितला होता?

भाची : नाही. प्रथिनं किती घ्या तेही नाही.

मामा : मग उपवासाने स्नायू गेले की हयगयीने गेले?

भाची : बहुधा हयगयीने. माझं म्हणणं तिथेच येतं. इटलीत २०१६ साली असाच एक प्रयोग झाला. वजन उचलण्याची सवय असलेले ३४ पुरुष घेतले. निम्म्यांनी आठ तासांत जेवायचं, सोळा तास उपाशी. व्यायाम दोन्ही गटांचा सारखा, प्रथिनं भरपूर. आठ आठवड्यांनी उपाशी राहणाऱ्यांची चरबी उतरली आणि स्नायू होते तेवढेच राहिले.

मामा : हे आधी सांगायचंस!

भाची : आधी सांगितलं असतं तर तू पुढचं ऐकलं नसतंस.

मामा : आणि तुमचं ते दर दोन तासांनी खाणं? त्यावर कुणी प्रयोग केला की नाही?

भाची : केलाय, आणि तो तुझ्या बाजूचा आहे. प्राग शहरात ५४ मधुमेह्यांवर, २०१४ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने १२ आठवडे दिवसाला सहा छोटी खाणी खाल्ली आणि १२ आठवडे दोन मोठी जेवणं. कॅलरी दोन्हीकडे सारख्याच, गरजेपेक्षा ५०० कमी. सहा खाण्यांत २.३ किलो उतरले, दोन जेवणांत ३.७. यकृतातली चरबीही दोन जेवणांत जास्त उतरली. मधुमेह्याने सतत काहीतरी खात राहिलंच पाहिजे, हे मीही आता सरसकट सांगत नाही.

मामा : मग मिटलं.

भाची : ती दोन जेवणं कुठली होती ते विचार की. सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण. रात्रीचं नाहीच! तू जेवतोस दुपारी एकला आणि रात्री नऊला.

मामा : नऊच्या बातम्या बघत.

भाची : अमेरिकेत २०१८ साली आठ पुरुषांवर एक छोटा प्रयोग झाला. सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. दिवसाचं सगळं खाणं सहा तासांत, आणि शेवटचा घास दुपारी तीनच्या आत. वजन उतरू नये इतकं खायला घातलं, तरी पाच आठवड्यांत इन्शुलिनचं काम सुधारलं, रक्तदाबही उतरला. माणसं थोडी आहेत, मान्य. पण लवकर जेवण्यात काहीतरी आहे, एवढं त्यातून दिसतं.

मामा : लवकर जेवायला सी. पी. टँकवरचे तुझे जैन शेजारी शिकवतात. सूर्य मावळला की पाणीसुद्धा नाही.

इथे मला मध्ये बोलावंसं वाटतं. गिरगावातल्या आंग्रेवाडीत राहून भारतरत्न पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. त्याच्या पाचव्या खंडात व्रतांचा विचार आहे. खाण्याच्या वेळेवरून व्रतं कशी निराळी होतात ते तिथे दिसतं : मध्यान्हानंतर एकदाच जेवायचं ते एकभुक्त, दिवसभर राहून रात्री एकदाच जेवायचं ते नक्त. संकष्टीला प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाच्या रांगेत उभा राहणारा माणूस चंद्रोदयानंतर, रात्री नऊ-दहाच्या सुमारास जेवतो. तो नक्ताच्या वाटेचा. सूर्यास्तानंतर पाणीही न घेता चौविहार पाळणारा जैन माणूस त्याच्या अगदी उलट टोकाला. म्हणजे आज प्रयोगशाळा ज्या दोन वेळांची तुलना करतात, त्या दोन्ही या शहरात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी पाळल्या गेल्या. व्रतं शरीरासाठी नव्हती आणि त्यांना विज्ञानाचं प्रमाणपत्र नको आहे, हे मी मानतो. पण इतकी माणसं इतकी वर्षं दोन वेगळ्या वेळांना जेवत आली असताना त्यांच्या शरीरांचा नीट अभ्यास इथे, परळच्या एवढ्या मोठ्या रुग्णालयांच्या सावलीत व्हावा, ही माझी कळकळीची इच्छा आहे. प्रागचे आणि अमेरिकेचे आकडे आपण किती दिवस उसने घ्यायचे?

मामा : ५५ मिनिटांचं काय मग? तेवढा वेळ इन्शुलिन निघतं, पुढे नाही, असं सांगतात.

भाची : तसं होत नाही. जेवल्यावर चढलेलं इन्शुलिन उतरायला दोन-तीन तास तरी जातात, जेवण जड असेल तर जास्तच. पण ५५ मिनिटांची मर्यादा घातली की येता-जाता फरसाण तोंडात टाकणं बंद होतं. नियम चांगला, कारण चुकीचं.

मामा : आणि नोबेल? उपासासाठी जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं, असा मेसेज एकादशीला येतो दरवेळी.

भाची : ओसुमींना २०१६चं नोबेल मिळालं ते पेशी स्वतःतला कचरा कसा मोडून वापरतात, त्यातली जनुकं यीस्टमध्ये शोधली म्हणून. माणसाने किती तास उपाशी राहावं, हे त्यांनी सांगितलेलं नाही. ते सोड. मला मामीबद्दल बोलायचंय.

मामा : तिचं छान चाललंय. माझ्याबरोबर तीही दोन वेळा जेवते. पाच किलो उतरली.

मामी : मला कुणी विचारलं नाही म्हणून बोलते. मंडळातल्या बायका म्हणतात, काय केलंस गं, कशी बारीक झालीस. पण खाली बसले की उठताना कपाटाचा कोपरा धरावा लागतो. वाण्याकडून पाच किलोची पिशवी आधी मी सहज आणायचे. आता दोन जिन्यांवर थांबते.

भाची : मामी, या खुर्चीवर बस. हात छातीवर. हात न टेकता पाच वेळा उभी राहा आणि बस, जमेल तितकं पटापट.

(आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेला हा निकष आहे. पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची ताकद घटल्याची शंका घ्यावी. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. मामीला जास्त लागले, आणि चौथ्या वेळी तिचा हात खुर्चीकडे गेलाच.)

मामा : हे मला माहीत नव्हतं.

भाची : मामी, आठवड्यात उपास किती?

मामी : सोमवार आणि गुरुवार. दोन एकादश्या, संकष्टी.

भाची : महिन्याचे अकरा दिवस झाले. त्या दिवशी काय खातेस?

मामी : साबुदाण्याची खिचडी. कधी वरीचे तांदूळ, रताळं. रात्री सोडते.

भाची : शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी असतात आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. निव्वळ पिठूळ. खिचडीत जे काही सत्त्व आहे ते दाण्याच्या कुटाचं. एरवीच्या दिवशी?

मामी : दोन पोळ्या, भाजी, आमटी, थोडा भात. दोन्ही वेळा तेच.

भाची : दोन पोळ्यांचे सहा ग्रॅम, आमटी पातळ म्हणून चार धरू, भात-भाजीचे चार. झाले चौदा. दोन वेळचे अठ्ठावीस. तुझं वजन पंचावन्न किलो. आयसीएमआरच्या हिशेबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तरी ४५च्या वर हवेत. साठीच्या माणसाला एक ते सव्वा ग्रॅम द्यावेत असं बरेच तज्ज्ञ सांगतात, म्हणजे पंचावन्नच्या पुढे. तुला त्याचे निम्मे मिळतात, आणि उपासाच्या दिवशी तेही नाहीत. आधी सकाळी अंडं असायचं, चारला दूध असायचं. दोन जेवणांच्या नियमात नेमकी तीच दोन गेली.

मामी : चहा-बिस्किटंही गेली.

भाची : ती गेली ते बरं झालं. मामा, तुझं ताट वेगळं होतं हे लक्षात घे. तुला बांगडा वाढला गेला, दोन वाट्या उसळ वाढली गेली. तिने सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाल्लं. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी हजारो कामगारांना जेवायला घातलं. १९७५मध्ये प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं ते अशा बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला. पण त्या बायका स्वतः कधी जेवतात आणि काय जेवतात, हे घरात कुणी पाहिलं? तोच नियम तू पाळलास आणि तिनेही पाळला. तुझी चरबी गेली असेल, तिचे स्नायू गेले. पाळी थांबल्यावर बाईचे स्नायू आणि हाडं तशीही झिजायला लागतात. त्यात हे.

मामाने लगेच उत्तर दिलं नाही. दीक्षितांच्या व्याख्यानात जेवणात सॅलड, मोड आलेली कडधान्यं, अंडी घ्या असं सांगितलं जातं, हे त्याला पाठ आहे. नियमातला दोनचा आकडा घरात आला, ताट मात्र जुनंच राहिलं. माझं मत विचाराल तर, मराठी घरांतल्या उपवासाचा सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. किती तास उपाशी राहिलात याचा आकडा मोबाइल सांगतो. जेवणाच्या वेळेत पानात काय पडलं, आणि कोणाच्या पानात पडलं, हे कुणीच मोजत नाही.

मामा : मग हिला दोन जेवणं बंद?

भाची : तिला बंद. सकाळची न्याहारी परत सुरू, अंडं किंवा मुगाचं धिरडं. आमटी घट्ट. रोज वाटीभर दही. बांगडा दोघांना सारखा. सुकट, जवळा आहेच, स्वस्त आणि प्रथिनांनी भरलेला. मामी, उपास तू ठरव.

मामी : गुरुवार मी सोडायची नाही. सोमवारचं बघेन.

भाची : नको सोडूस. साबुदाणा सोड. राजगिरा घे, पेलाभर दूध, दही, पनीर चालत असेल तर पनीर, मूठभर दाणे. एवढ्यात पंचवीस-तीस ग्रॅम सहज जमतात आणि उपासही मोडत नाही.

मामी : आणि खिचडी महिन्यातून एकदा. संकष्टीला. चंद्र दिसल्यावर दुसरं काही गोड लागत नाही.

भाची : चालेल.

मामा : मी मात्र दोनच वेळा जेवणार.

भाची : जेव की. २०२२ साली चीनमधल्या ग्वांगजौला १३९ लोकांना वर्षभर कमी कॅलरी दिल्या. निम्म्यांनी त्या सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच खाल्ल्या. त्यांचे आठ किलो उतरले, बाकीच्यांचे सहा-सव्वासहा. संशोधकांच्या हिशेबात हा फरक नक्की म्हणण्याइतका नव्हता.

मामा : म्हणजे वेळ पाळून फायदा नाही?

भाची : वेगळा असा फायदा सिद्ध झाला नाही, आणि तोटाही झाला नाही. तुला दोन वेळा सोपं जातंय तर दोन वेळा. फक्त दुसरं जेवण साडेसातला आण. नऊच्या बातम्या रिकाम्या पोटी बघ.

मामा : आणि व्यायाम? आता या वयात डंबेल्स उचलू?

भाची : तू कबड्डी खेळायचास ना? बैठका कशा मारायच्या ते मी तुला शिकवायला नको. खुर्चीला धरून अर्ध्या बैठका, भिंतीला हात लावून जोर. आठवड्यात तीनदा, दमायला होईल इतके. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात तुझ्या वयाची माणसं येतात, जाऊन बघ. मामीलाही घेऊन जा. तिला तर तुझ्यापेक्षा जास्त गरज आहे.

मामा : तिथल्या मल्लखांबावर मुली चढताना बघितल्या होत्या एकदा. काय ताकद!

भाची : काट्यावर रोज उभं राहणं बंद. महिन्यातून एकदा कंबरेला टेप, दंडाला टेप, आणि खुर्चीवरून पाचदा उठणं. जिममधल्या पायाखाली धातूची पट्टी असलेल्या यंत्रावर फार विसंबू नकोस, तू पाणी किती प्यायलास त्यावर त्याचा आकडा हलतो. खरंच बघायचं असेल तर चरबी आणि स्नायू वेगळे मोजणारा डेक्सा स्कॅन करू.

मामा : ठीक. दुपारी बाराला जरा हातपाय थरथरतात, तेवढं सोडलं तर मला काही त्रास नाही.

भाची : काय म्हणालास?

मामा : भूक गं. घाम येतो, डोळ्यांपुढे जरा अंधारी. एकला जेवलो की बरं वाटतं. उपाशी राहायची सवय व्हायला वेळ लागतो म्हणतात.

भाची : मामा, गोळ्या कुठल्या घेतोस? सकाळची ती ग्लिमेपिराइड अजून चालू आहे? तेवढीच?

मामा : आहे. साखर उतरली तरी बंद कशाला करायची?

भाची : ती गोळी तू खा न खा, शरीराला इन्शुलिन सोडायला लावते. वजन उतरल्यावर एवढा डोस लागत नाही, आणि त्यावर तू दुपारी एकपर्यंत पोटात काही घालत नाहीस. ही भूक नव्हे, साखर घसरतेय. रस्त्यात चक्कर आली तर? नुसती मेटफॉर्मिन असती तर मी एवढी घाबरले नसते. डॉक्टरांना दोन जेवणांचं सांगितलंयस?

मामा : त्यांनी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

भाची : फाइल काढून ठेव, सगळे रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं. उद्या त्यांच्याकडे जायचं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, ते ठरवतील. तोपर्यंत न्याहारी. आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेव. पुन्हा थरथरलं तर नियम बाजूला, आधी साखर तोंडात.

मामा : दुपारी जेवून गेलो तर चालेल?

भाची : सकाळीच. आणि घरून खाऊन निघ.